नामदार गोखल्यांची मास्तरकी

गांधीजींचे राजकीय गुरू, काँग्रेसचे अध्यक्ष, भारत सेवक समाजाचे संस्थापक आणि वरिष्ठ कायदे कौन्सिलात सरकारच्या अंदाजपत्रकाची चिरफाड करणारे नामदार, अशा अनेक ओळखींनी गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव मराठी घरांत घेतले जाते. या सगळ्यांच्या आधीची त्यांची ओळख मास्तर ही होती, आणि तीच नेमकी मागे पडली आहे. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यातील जवळजवळ अठरा वर्षे हा मनुष्य हजेरीपट, वह्या आणि तासाची घंटा यांत गुंतलेला होता. शाळेत मुलाचे नाव घालताना आजचा पालक एका वर्गात मुले किती, असे आधी विचारतो. या प्रश्नाला एक जुने सरकारी उत्तर दिल्लीहूनच २१ फेब्रुवारी १९१३ रोजी निघाले होते. ते उत्तर द्यावे लागावे, अशी वेळ ज्याने सरकारवर आणली, त्या माणसाचे चरित्र शाळेच्या अंगाने वाचले तर पुष्कळ वेगळे दिसते.

रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातील कोतळूक या खेड्यात ९ मे १८६६ रोजी गोपाळरावांचा जन्म झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीला होते. आरंभी कारकून आणि पुढे फौजदार, एवढीच त्यांची चढती. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, आपले शिक्षण तेथेच थांबवले आणि कागललाच पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतून दरमहा आठ रुपये कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला जात असत. उरलेल्या सातांत घर चालत असे. गोपाळ हाताने स्वयंपाक करी, तेल वाचावे म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचन करी. अशा गोष्टी थोरांच्या चरित्रांत इतक्या वेळा येतात की वाचणाऱ्याला त्यांचे काही वाटेनासे होते. परंतु पंधरांतून आठ वजा करून सात उरतात, ही वजाबाकी एका घराने कित्येक वर्षे प्रत्यक्ष जगलेली होती. १८८१ साली मॅट्रिक आणि पुढे कोल्हापूर, पुणे, मुंबई असा प्रवास करीत १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए., असे त्यांचे शिक्षण झाले.

त्या काळी अठरा वर्षांच्या बी. ए. झालेल्या ब्राह्मण तरुणापुढे दोन वाटा मोकळ्या होत्या. एक सरकारी नोकरीची आणि दुसरी वकिलीची. गोखल्यांनी कायद्याचा अभ्यास सुरूही केला होता. घरावरचे कर्ज फिटायचे होते आणि भावाचे ऋण तर त्याहून मोठे होते. परंतु पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली आणि १८८५ च्या आरंभी ते ३५ रुपये पगारावर तेथे रुजू झाले. पगार अपुरा पडू लागल्याने सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्यांचा एक खासगी वर्गही त्यांनी चालवला. म्हणजे दिवसभर शाळा, नंतर शिकवणी आणि रात्री दुसऱ्या दिवसाची तयारी. मास्तरकीचा हा आरंभ आजच्या अनेक शिक्षकांना ओळखीचा वाटेल.

न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा २ जानेवारी १८८० रोजी निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरीवर पाणी सोडले, बळवंतराव टिळक आणि माधवराव नामजोशी त्यांना येऊन मिळाले, आणि पुढल्या वर्षी गोपाळ गणेश आगरकरही आले. १८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या संस्थेचा पाया देशभक्तीचा होता हे सर्वश्रुत आहे. त्याखाली जमाखर्चाचा दुसरा एक पाया होता, त्याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. फी कमी ठेवायची, शिक्षण उत्तम द्यायचे आणि सरकारपुढे फार वाकायचे नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र जमायच्या तर खर्च कोठेतरी कमी व्हायला हवा. तो शिक्षकांच्या पगारात कमी करण्यात आला आणि त्यांच्या कामात वाढवून भरून काढण्यात आला. आजीव सभासदाने वीस वर्षे संस्थेला द्यायची आणि माफक मासिक वेतनावर राहायचे, हा नियम होता. हे वेतन पुढे ७५ रुपये झाले. सरकारी कॉलेजातील इंग्रज प्राध्यापकाला याच्या कितीतरी पट मिळत असे. शिवाय प्रत्येक आजीव सभासद शाळेतही शिकवी, कॉलेजातही शिकवी, आणि संस्थेचा हिशेब, बांधकाम, देणग्या, सरकारी पत्रव्यवहार यांतील एखादे खातेही त्याच्या माथी असे.

गोखले १८८६ साली आजीव सभासद झाले. आगरकरांचा त्यामागे आग्रह होता. वय वीस वर्षांचे.

त्या मंडळींच्या जन्ममृत्यूंच्या नोंदी एका ओळीत मांडल्या की वाचणारा क्षणभर थबकतो. चिपळूणकर १८८२ साली बत्तिसाव्या वर्षी गेले. संस्कृत कोशकार आणि फर्ग्युसनचे प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ साली चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्यानंतर प्राचार्य झालेले आगरकर दम्याने जर्जर होऊन १८९५ साली, चाळिशीही पुरी न करता गेले. नामजोशी १८९६ साली गेले. त्या काळात आयुर्मान एकंदरीतच कमी होते आणि कोणत्याही मृत्यूचे कारण कामाचे ओझे असे लिहून ठेवलेले नाही. तरीही पंधरा वर्षांत एका शाळेच्या संस्थापकांपैकी इतके जण हरपावेत, आणि प्रत्येक वेळी त्यांचे तास उरलेल्यांनी वाटून घ्यावेत, हे त्या त्यागाच्या कथेचे दुसरे अंग आहे. आपण ही कथा समारंभात सांगतो तेव्हा हे अंग बहुधा गाळतो.

याच ओझ्यावरून संस्थेत पहिला मोठा तंटा पेटला. टिळक आणि आगरकर यांच्यातील वाद सामाजिक सुधारणेचा होता, असे आपण शाळेत शिकतो, आणि ते खरेच आहे. परंतु संस्थेच्या सभांत ज्यावर खडाजंगी झाली तो प्रश्न अगदी साधा होता. शिक्षकाचा शाळेबाहेरचा वेळ कोणाचा? टिळकांचे म्हणणे असे की आजीव सभासदाने जेसुइट पाद्र्यांसारखे सर्वस्व संस्थेला वाहावे. बाहेर काम करू नये, बाहेरून पैसे मिळवू नयेत, आणि मिळालेच तर ते संस्थेच्या तिजोरीत जमा करावेत. आगरकर, गोखले आणि त्यांच्या बाजूच्या सभासदांचे म्हणणे असे की ठरलेले काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा असावा. संसार ७५ रुपयांत भागत नसेल तर पुस्तके लिहून चार पैसे मिळवण्यास आडकाठी असू नये. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले, तेव्हा हा वाद शिगेला पोहोचला. चिटणीसपदाला रोजचे काही तास लागणार होते. ते तास शाळेच्या हिश्शातून जाणार, हा टिळकांचा आक्षेप होता. त्या वर्षअखेर टिळकांनी राजीनामा दिला आणि संस्था सोडली.

या तंट्यात न्याय कोणाच्या बाजूला होता, हे ठरवणे तितकेसे सोपे नाही. टिळकांची भूमिका तात्त्विक दृष्ट्या अधिक शुद्ध होती. तिच्यात एक व्यावहारिक शहाणपणही होते, कारण शिक्षक बाहेरच्या कामांत विखुरला की पहिला तोटा वर्गातल्या मुलाचा होतो. परंतु अपुरे वेतन आणि संपूर्ण वेळ या दोन्ही अटी एकाच वेळी घालायच्या, तर त्या पाळू शकणारी माणसे फार थोडी निघतात, आणि निघतात तीही फार काळ टिकत नाहीत. गोखल्यांनी आपल्या बाजूचे समर्थन कामाने केले. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक, आगरकरांच्या 'सुधारक' पत्राची इंग्रजी बाजू, न्यायमूर्ती रानड्यांच्या कडक नजरेखाली आकडेवारी आणि सरकारी अहवाल यांचा अभ्यास, हे सर्व चालू असताना त्यांचे वर्गातले तास चुकल्याची तक्रार झालेली दिसत नाही. देहाने त्याची वसुली पुढे केलीच.

शिक्षक म्हणून गोखले कसे होते? वर्गाला हसवत ठेवणारे किंवा विषयांतर करून रंगवणारे ते नव्हते. तो मान आगरकरांचा किंवा केळकरांचा. गोखल्यांची शिकवणी काटेकोर, तयारीची आणि किंचित कोरडी असे. त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. इंग्रजी गद्याची पानेच्या पाने त्यांना मुखोद्गत असत आणि शिकवायचा भाग ते आधी जवळजवळ पाठ करून येत. संस्थेत ज्या विषयाला माणूस नसे तो विषय गोखल्यांकडे येई. इंग्रजी झाले, गणित झाले, इतिहास झाला, अर्थशास्त्र झाले. फर्माईश येईल तो विषय शिकवणारे प्राध्यापक, अशी त्यांची थट्टाही होत असे. थट्टेमागची वस्तुस्थिती माणसांच्या तुटवड्याची होती. एका विषयाचा शिक्षक गेला की दुसऱ्याने रात्री जागून तो विषय तयार करायचा आणि सकाळी शिकवायचा. गोखल्यांनी हे इतक्या निमूटपणे केले की तुटवडा झाकला गेला. चांगल्या शिक्षकाच्या हातून संस्थेवर होणारा हा एक नकळत अन्यायही म्हणता येईल, कारण जे काम होऊन जाते त्यासाठी नवा माणूस नेमावा असे कोणाला वाटत नाही.

शाळेतल्या या रगाड्यातूनच त्यांचे अंकगणिताचे पुस्तक तयार झाले. नारायण जनार्दन बापट या सहकाऱ्याची त्यात मदत होती. वर्गात मुले कोठे अडतात हे रोज पाहणाऱ्याने रचलेली उदाहरणे असल्यामुळे ते शाळाशाळांतून चालले. मॅकमिलन कंपनीने ते प्रसिद्ध केले आणि पुढे आयुष्यभर गोखल्यांना त्याचे उत्पन्न मिळत राहिले. देशाच्या अंदाजपत्रकातील शिल्लक कशी फसवी आहे हे व्हाइसरॉयसमोर दाखवून देणाऱ्या माणसाचा चरितार्थ बऱ्याच अंशी त्रैराशिक आणि व्याज शिकवणाऱ्या शालेय पुस्तकावर चालत होता.

संस्थेचे चिटणीस म्हणूनही त्यांनी अनेक वर्षे काम केले. फर्ग्युसन कॉलेजला स्वतःची इमारत हवी होती. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्या लागल्या, इतर मंडळी गावी गेली, की गोखले वर्गणीसाठी दौऱ्यावर निघत. संस्थानिक, वकील, व्यापारी, मामलेदार यांच्या दारी जाऊन एकेक आकडा वहीत मांडत. स्वभावाने ते संकोची. मागणे त्यांना जड जाई. १८९५ साली कॉलेज चतुःशृंगीच्या रस्त्यावरील नव्या इमारतीत गेले, त्यात या सुट्यांचा मोठा वाटा होता. शिक्षकाची सुटी कशी जाते याचा हिशेब कोणी मांडायला बसला, तर त्यात या दौऱ्यांचीही नोंद करावी लागेल.

१८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. त्या प्रवासात छातीला झालेली दुखापत, तेथे पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्ताविषयी केलेले आरोप आणि परत आल्यावर मागितलेली माफी, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर ते पुण्यात परतून पुन्हा वर्गावर उभे राहिले आणि प्लेगपीडितांची सेवाही केली. १८९९ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात आणि १९०२ मध्ये वरिष्ठ कौन्सिलात त्यांची निवड झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फर्ग्युसनने त्यांना निरोप दिला. हक्काची रजा धरून वीस वर्षांची सेवा पुरी झालेली होती. निवृत्तिवेतन ठरले दरमहा तीस रुपये. पहिल्या पगारापेक्षाही पाच कमी.

येथून पुढचे गोखले ग्रंथांतून विपुल भेटतात. येथे पाहायची आहे ती त्यांची एकच लढाई. ती त्यांनी हरली.

१८ मार्च १९१० रोजी कलकत्त्याच्या कौन्सिलात त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने पाऊल टाकावे असा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले आणि ठराव मागे घेण्यात आला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारात शिक्षणाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले आणि सर हारकोर्ट बटलर त्याचे प्रमुख झाले. त्याहून अधिक काही होण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी स्वतःच विधेयक आणले. ते अतिशय मवाळ होते. सहा ते दहा वयाच्या मुलग्यांपुरती सक्ती, तीही जेथील नगरपालिका किंवा जिल्हा बोर्ड स्वतःहून मागेल तेथेच आणि सरकारची मंजुरी घेऊन. त्या हद्दीत मुलांचे ठरावीक प्रमाण आधीच शाळेत येत असले पाहिजे, ही आणखी एक अट. खर्चाचे दोन वाटे सरकारने उचलावेत आणि एक स्थानिक संस्थेने. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांच्या आत, त्याला फी माफ. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला होता. एक संस्थानिक जे करू शकतो ते साम्राज्याला का जमू नये, हा गोखल्यांचा रोखठोक मुद्दा होता.

विरोधकांची कारणे अनेक होती. लोकांची मागणी नाही, पैसा नाही, कर वाढतील. काहींना शेतावर मजूर मिळणार नाहीत याची धास्ती होती, पण ती उघड बोलणे अवघड. सगळ्यांत सभ्य आणि सर्वांत बिनतोड वाटणारा आक्षेप शिक्षकांचा होता. शिकवलेले, प्रशिक्षित मास्तर आहेतच किती? असलेल्या शाळांना ते पुरत नाहीत. लक्षावधी नवी मुले सक्तीने आणून कोणाच्या हाती द्यायची?

आक्षेप खोटा नव्हता. तेव्हाची खेड्यातील शाळा बहुधा एकशिक्षकी असे. एकच मास्तर पहिलीपासून वरच्या इयत्तेपर्यंतची मुले एकाच खोलीत बसवून शिकवी. एका रांगेला पाढे लावायचे, दुसरीला पुस्ती, तिसरीचे वाचन घ्यायचे आणि वरच्या इयत्तेतील हुशार मुलाला खालच्यांवर नेमायचे. अनेक गावांत तोच मास्तर शाखा-पोस्टाचे कामही पाही. त्याबद्दल थोडे जादा वेतन मिळे, आणि टपाल आले की पाढे थांबत.

ज्याने स्वतः अठरा वर्षे तुटवड्यात शिकवले त्या गोखल्यांनी या आक्षेपाला काय उत्तर दिले? त्यांनी असे प्रतिपादन केले की आधी निरक्षरता हटवणे हे सार्वत्रिक शिक्षणाचे पहिले काम आहे. शिक्षणाचा दर्जा ही महत्त्वाची गोष्ट असली तरी ती त्यानंतरची आहे. इमारत नसेल तर तात्पुरती जागा चालेल, प्रशिक्षित मास्तर नसेल तर अप्रशिक्षित चालेल, शाळा मात्र उघडा. त्यांच्या राजकीय घाईमागचे कारण उघड होते. शिक्षक पुरेसे तयार होईपर्यंत थांबायचे म्हटले तर सरकार कायमचे थांबले असते, कारण शिक्षक तयार करणे सरकारच्याच हाती होते आणि ते करण्याची त्याला निकड नव्हती. तरी या उत्तरात गोखल्यांनी मास्तराच्या पाठीवर फार मोठा भार ठेवला, हे मान्य करावे लागते. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जो भार स्वेच्छेने उचलला, तो हजारो खेड्यांतील अल्पवेतनी मास्तरांनी न विचारता उचलावा, असा त्याचा अर्थ होत होता. ज्याने स्वतः उचलले त्याला दुसऱ्याच्या ओझ्याचा अंदाज बरोबर येतोच असे नाही.

त्या वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीत दरबार भरला. १२ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज बादशहांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा केली, आणि त्याच दरबारात लोकशिक्षणासाठी पन्नास लाख रुपयांची देणगीही जाहीर झाली. देणगी दिली म्हणजे कायदा देण्याची गरज उरत नाही, असा एक हिशेब त्यात नसेलच असे म्हणवत नाही. तीन महिन्यांनी, १८ आणि १९ मार्च १९१२ रोजी, कलकत्त्यातच विधेयकावर चर्चा झाली. जिनांसारख्या सभासदांनी पाठिंबा दिला. गोखल्यांना निकाल आधीच माहीत होता आणि तो ऐकून आपण तक्रार करणार नाही, हे त्यांनी सांगूनही टाकले होते. मते पडली अनुकूल १३, प्रतिकूल ३८.

विधेयक पडले, प्रश्न मात्र सरकारच्या टेबलावर पडून राहिला. राजधानी दिल्लीला आल्यावर सिव्हिल लाइन्समध्ये घाईने सचिवालय बांधले गेले आणि कौन्सिलच्या बैठकी तेथे होऊ लागल्या. त्या इमारतीला दिल्लीकर आजही जुने सचिवालय म्हणतात. आता तेथे दिल्लीची विधानसभा भरते. २१ फेब्रुवारी १९१३ रोजी दिल्लीहून हिंदुस्थान सरकारचा शिक्षणधोरणाचा ठराव निघाला. सक्तीला त्यात स्पष्ट नकार होता. मात्र शिक्षकांविषयी काही नेमकी कलमे होती. मास्तर शक्यतो ज्या वर्गातील मुलांना शिकवायचे त्याच वर्गातून आलेला असावा, मराठी शाळांसारख्या देशी भाषेच्या शाळेतून पुरेसा शिकलेला असावा आणि त्याने वर्षभराचे प्रशिक्षण घेतलेले असावे. प्रशिक्षित मास्तराला महिन्याला किमान बारा रुपये मिळावेत. आणि एका शिक्षकाकडे पन्नासांहून अधिक मुले असू नयेत. तीस किंवा चाळीस असल्यास उत्तम.

बारा रुपयांचा हा आकडा मराठी वाचकाला ओळखीचा वाटायला हवा. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाला किमान बारा रुपये आणि मोठ्या गावांत पंधरा ते वीस द्यावेत, अशी मागणी केली होती. पुण्याच्या एका मराठी माणसाने मागितलेले किमान वेतन सरकारी धोरणाच्या कागदावर उतरायला एकतीस वर्षे लागली. तोवर बारा रुपयांत मिळणारे धान्य बरेच घटले होते.

तीस मुलांचा आकडा त्याहून सावकाश चालला. घटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचा प्रयत्न करायचे ठरवले. दिल्लीपुरता प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९६० साली झाला. अखेर संसदेने २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांच्या पहिल्या ठरावाला तेव्हा शंभर वर्षे आणि दोन आठवडे झाले होते. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक आणि वरच्या प्राथमिक वर्गांत पस्तीस मुलांमागे एक, असे प्रमाण त्यात आहे. शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे किमान पंचेचाळीस तास मोजताना तयारीचा वेळही त्यात धरला आहे, आणि जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका सोडून इतर कामांना शिक्षकाला लावू नये असे २७ वे कलम सांगते. या कलमाआधी दिल्लीच्याच एका शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये मतदारयादीचे काम शिक्षकांकडून सुटीच्या आणि बिनशिकवणीच्या दिवशीच करून घ्यावे, असा निर्णय दिला होता. पोस्टाची पिशवी गेली, मतदारयादी आली. जुन्या सचिवालयाच्या त्याच वास्तूत ऑक्टोबर २०१७ मध्ये सुमारे पंधरा हजार अतिथी शिक्षकांना कायम करण्याचे विधेयक दिल्ली विधानसभेने मंजूर केले, पण ते अमलात आले नाही. जागा मंजूर असणे आणि त्या जागेवर कायमचा माणूस असणे, या दोहोंतले अंतर राजधानीतील शिक्षक चांगले ओळखतात.

गोखल्यांना यातले काही दिसणार नव्हते. मधुमेहाने त्यांना पोखरले होते. विश्रांतीचा सल्ला मिळत असतानाच १९१२ च्या अखेरीस ते गांधीजींच्या बोलावण्यावरून दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले, आणि परतल्यावर लगेच सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या इस्लिंग्टन कमिशनच्या कामाला जुंपले गेले. साक्षी ऐकायच्या, कागद चाळायचे, टिपणे करायची, पुन्हा आगबोट धरून विलायत. जुन्या शाळेतील सवय येथेही सुटली नाही. कोणत्याही बैठकीला ते तयारीशिवाय गेले नाहीत आणि तयारी दुसऱ्यावर सोपवणे त्यांना कधी जमले नाही. १९१४ साली सरकारने देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. १९१५ च्या फेब्रुवारीत, अंथरुणाला खिळण्याच्या बेतात असताना, हिंदुस्थानातील राज्यसुधारणांचा एक आराखडा त्यांनी पेन्सिलीने लिहून काढला. १९ फेब्रुवारीच्या रात्री पुण्यात भारत सेवक समाजाच्या आवारात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस.

अंत्ययात्रेला पुण्यातील विद्यार्थी आणि शिक्षक मोठ्या संख्येने होते. बाळ गंगाधर टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच ते गड उतरून आले आणि स्मशानात त्यांनी गोखल्यांच्या गौरवाचे भाषण केले. एकाच शाळेत एकेकाळी दोघांनीही गणित शिकवले होते. शिक्षकाच्या उरल्या वेळावर हक्क कोणाचा, या वादात टिळकांनी ती शाळा सोडली, त्याला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती.